जमिनीवर सोडलेले पाणी : लहान खाद्यउद्योग आणि आपला जलप्रदूषण कायदा

जलप्रदूषणाचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर नद्या उभ्या राहतात. गंगा, यमुना, साबरमती, पंचगंगा, मुळा-मुठा. वृत्तपत्रांतील छायाचित्रे फेसाळलेल्या प्रवाहांची असतात, न्यायालयांतील याचिका नद्यांच्या नावाने ओळखल्या जातात आणि शासनाच्या योजनाही नद्यांच्याच नावाने निघतात. परंतु या देशात असंख्य लहान उद्योग असे आहेत की ज्यांचे सांडपाणी कोणत्याही नदीपर्यंत पोहोचत नाही. ते कारखान्यामागच्या शेतात, पडीक तुकड्यात, नारळीच्या आळ्यांत किंवा एखाद्या खड्ड्यात सोडले जाते आणि मुरून जाते. फळांचा गर काढणारे, लोणची-मुरंबे करणारे, साबुदाणा बनवणारे, दूध आटवणारे, द्राक्षांची वाइन करणारे असे हे उद्योग आहेत. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० साली केंद्राची योजना आली, तेव्हा देशातील असंघटित अन्नप्रक्रिया उद्योगांची संख्या सुमारे २५ लाख धरण्यात आली होती. त्यातील बहुसंख्य घरगुती स्वरूपाचे असून त्यांचे सांडपाणी नगण्य असते, हे खरे. पण जे उरतात त्यांची संख्याही कोणत्याही तपासणी यंत्रणेच्या आवाक्याबाहेरची आहे.

या पाण्याचे नियमन आपल्या कायद्याने कसे केले, याचा इतिहास फारसा सांगितला जात नाही. तो सांगण्यासारखा आहे, कारण त्यात प्रशासनाची एक जुनी सवय स्पष्ट दिसते. एका परिस्थितीसाठी तयार झालेले मोजमाप आपण दुसऱ्या परिस्थितीला लावतो, आणि ते बसले नाही की दोष परिस्थितीला देतो. नदीसाठी बनवलेली फूटपट्टी आपण जमिनीला लावली, ही या कहाणीची मध्यवर्ती गोष्ट आहे. २०२४ साली कायद्यात झालेल्या बदलांमुळे ती पुन्हा तपासण्याची वेळ आली आहे, म्हणून हा लेख.

आठपट पाण्याची नदी

सांडपाण्याच्या आधुनिक मानकांचे मूळ इंग्लंडमध्ये आहे. तेथे १८९८ साली सांडपाण्याच्या विल्हेवाटीसाठी शाही आयोग नेमला गेला. तोपर्यंत सांडपाणी जमिनीवर पसरून शुद्ध करावे, हाच तेथील अधिकृत दंडक होता. नगरपालिकेला कर्ज हवे असेल तर शुद्धीकरणासाठी पुरेशी जमीन दाखवावी लागे. शहरे वाढली, जमीन महागली, आणि जमिनीऐवजी कृत्रिम पद्धती चालतील काय, हा आयोगापुढचा पहिला प्रश्न ठरला. आयोगाने अशा पद्धतींना मान्यता दिली. १९१२ सालच्या आठव्या अहवालात त्याने ते प्रसिद्ध मानक सुचवले, ज्याची सावली आजही जगभरच्या नियमांवर आहे : एका लिटरमागे तरंगते घनपदार्थ ३० मिलिग्रॅम आणि जैविक ऑक्सिजन मागणी २० मिलिग्रॅम.

जैविक ऑक्सिजन मागणी, म्हणजे कार्यालयीन भाषेत बीओडी, ही कल्पना थोडी समजून घेतली पाहिजे. सांडपाण्यातील सेंद्रिय द्रव्ये सूक्ष्मजीव खातात आणि ते करताना पाण्यातील प्राणवायू वापरतात. किती प्राणवायू वापरला जाईल, यावरून पाणी किती घाण आहे ते मोजायचे. नदीसाठी हे मोजमाप अत्यंत योग्य आहे, कारण प्राणवायू संपला की मासे मरतात. मात्र आयोगाच्या मानकामागे एक गृहीतक होते. सोडलेल्या पाण्यात नदीचे स्वच्छ पाणी किमान आठपट मिसळेल, असे त्यात धरलेले होते. बारमाही वाहणाऱ्या इंग्लिश नद्यांच्या दृष्टीने ते अवास्तव नव्हते. आपल्याकडील बहुतेक नद्या मात्र वर्षातील सात-आठ महिने क्षीण असतात; दख्खनच्या पठारावर तर कित्येक नद्यांत उन्हाळ्यात केवळ डोह उरतात. आठपट पाणी आणायचे कोठून?

१९७४ : दोन कलमांतील अंतर

आपल्या कायदेकारांना हा प्रश्न कळला होता, हे विशेष. २३ मार्च १९७४ रोजी लागू झालेल्या जलप्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण अधिनियमाच्या सतराव्या कलमात राज्य मंडळांची कर्तव्ये दिली आहेत. त्यातील एक कर्तव्य असे की, वर्षाचा बराचसा काळ प्रवाह इतका तुटपुंजा असतो की किमान सौम्यीकरणही होऊ शकत नाही, अशी परिस्थिती प्रामुख्याने आढळत असल्यामुळे मंडळांनी सांडपाणी जमिनीवर विल्हेवाटीस लावण्याच्या कार्यक्षम पद्धती विकसित कराव्यात. सांडपाणी व योग्य ते औद्योगिक निःसारण शेतीत वापरण्याच्या पद्धती शोधणे हेही त्याच कलमात स्वतंत्र कर्तव्य म्हणून नमूद आहे. परदेशी कायद्याची नक्कल म्हणून ज्याची हेटाळणी होते, त्या कायद्यात भारतीय ऋतुचक्राचे इतके अचूक भान असलेले वाक्य आहे, याचे मला नेहमी कौतुक वाटत आले आहे.

परंतु त्याच कायद्याच्या चोविसाव्या कलमात, जेथे प्रत्यक्ष मनाई आहे, तेथे मूळ शब्द होते ते प्रवाह किंवा विहीर एवढेच. प्रदूषक पदार्थ प्रवाहात किंवा विहिरीत जाऊ देऊ नये, असे कायदा सांगत होता. भूगर्भातील पाणी प्रवाहाच्या व्याख्येत समाविष्ट होते हे खरे; पण शेतात सोडलेले पाणी भूगर्भात पोहोचले हे सिद्ध कोणी करायचे आणि कसे? म्हणजे सतरावे कलम जमिनीकडे बोट दाखवत होते, आणि चोविसावे कलम जमिनीबाबत मौन पाळत होते. कारखानदाराने या दोहोंतून काढलेला अर्थ साहजिक होता. पाणी नदीत सोडले तर गुन्हा, शेतात सोडले तर विल्हेवाट.

हे मौन १४ वर्षांनी सुटले. १९८८ च्या दुरुस्तीने चोविसाव्या कलमात प्रवाह व विहीर यांच्यापुढे गटार आणि 'जमिनीवर' हे शब्द आले. पंचविसाव्या कलमातील संमतीची अटही त्याच दुरुस्तीने जमिनीवरील निःसारणापर्यंत विस्तारली. वीज व पाणी तोडण्याचे आदेश देण्याचा मंडळांचा अधिकारही याच दुरुस्तीतला. भोपाळची दुर्घटना आणि १९८६ चा पर्यावरण संरक्षण अधिनियम यांच्यामागोमाग हा बदल आला, त्यामुळे त्या गदारोळात त्या एका शब्दाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

महाराष्ट्राचा उल्लेख येथे ओघाने येतो. पाणी हा राज्यसूचीतील विषय असल्यामुळे १९७४ चा कायदा राज्यांच्या ठरावांवर आधारलेला होता, आणि ठराव करणाऱ्या पहिल्या राज्यांत महाराष्ट्र नव्हता. त्याचा स्वतःचा १९६९ चा कायदा होता, त्याखाली १९७० साली मंडळही स्थापन झाले होते. केंद्रीय कायदा राज्याने १९८१ साली स्वीकारला.

चार रकान्यांचा तक्ता

मनाईचा शब्द आला; आता मोजमाप हवे होते. ते पूर्णपणे नवे नव्हते. तेव्हाच्या भारतीय मानक संस्थेने १९६५ सालीच सिंचनासाठी जमिनीवर सोडायच्या औद्योगिक सांडपाण्याचे मानक, क्रमांक ३३०७, प्रसिद्ध केले होते. ते शेतीचा विचार करून रचलेले होते. त्यात विरघळलेल्या क्षारांना मर्यादा होती, सोडियमच्या टक्केवारीला होती, पिकांना घातक ठरणाऱ्या बोरॉनलाही होती. उलट सेंद्रिय द्रव्यांच्या बाबतीत ते बरेच उदार होते, कारण माती ती पचवू शकते हे त्याच्या कर्त्यांना ठाऊक होते.

पर्यावरण संरक्षण नियमांखाली १९९३ साली सर्वसाधारण मानकांचा जो तक्ता अधिसूचित झाला, त्याची घडण वेगळी आहे. त्याला चार रकाने आहेत : भूपृष्ठावरील पाणी, सार्वजनिक गटार, सिंचनासाठी जमीन आणि सागरी किनारा. बीओडीची मर्यादा नदीसाठी लिटरमागे ३० मिलिग्रॅम, जमिनीसाठी १००. तरंगते घनपदार्थ नदीसाठी १००, जमिनीसाठी २००. तेल व स्निग्ध पदार्थ दोहोंसाठी १०. सामू सर्वत्र ५.५ ते ९. रासायनिक ऑक्सिजन मागणीच्या ओळीत नदीपुढे २५० हा आकडा आहे. जमिनीचा रकाना रिकामा आहे. आणि १९६५ च्या मानकात ज्यांना मानाचे स्थान होते, त्या एकूण विरघळलेल्या क्षारांची ओळच या सर्वसाधारण तक्त्यात नाही.

म्हणजे जमिनीची मर्यादा ही नदीच्या मर्यादेची जरा सैल केलेली आवृत्ती ठरली. जमिनीला काय झेपते आणि काय झेपत नाही, हा प्रश्न तक्त्याने विचारलाच नाही.

मातीचे अंकगणित

जमीन आणि नदी यांतील फरक असा. नदीत पाणी सोडले की ते पुढे जाते. म्हणून त्या क्षणी त्यात किती घाण आहे, म्हणजे संहती, महत्त्वाची. जमिनीवर सोडलेले पाणी तेथेच राहते. म्हणून एका हेक्टरवर एका दिवसात किती भार पडला, आणि वर्षानुवर्षे किती साठला, हे महत्त्वाचे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. फळांचा गर काढणारा एक लहान कारखाना रोज २,००० लिटर सांडपाणी सोडतो. त्याची बीओडी लिटरमागे ३,००० मिलिग्रॅम आहे, म्हणजे मर्यादेच्या ३० पट. दुसरा एक मोठा कारखाना रोज ५ लाख लिटर पाणी सोडतो, पण शुद्धीकरण करून; त्याची बीओडी बरोबर १०० आहे. दोघेही एक-एक हेक्टरवर पाणी सोडतात. पहिल्याच्या जमिनीवर रोज ६ किलो सेंद्रिय भार पडतो आणि ०.२ मिलिमीटर पाणी. दुसऱ्याच्या जमिनीवर रोज ५० किलो भार पडतो आणि ५० मिलिमीटर पाणी, म्हणजे वर्षभर दररोज एक जोरदार पाऊस. पहिल्याची माती पाणी सहज पचवेल, दुसऱ्याची काही आठवड्यांत चिखल होऊन कुजेल. तक्त्याच्या दृष्टीने मात्र पहिला गुन्हेगार आणि दुसरा आदर्श नागरिक.

आता हेच गणित क्षारांचे करू. पहिल्या कारखान्याच्या पाण्यात लिटरमागे २,००० मिलिग्रॅम क्षार असतील तर रोज ४ किलो आणि २०० दिवसांच्या हंगामात ८०० किलो क्षार त्या हेक्टरवर पडतील. सेंद्रिय द्रव्ये सूक्ष्मजीव खाऊन टाकतात. क्षारांना खाणारे कोणी नाही. ते मातीत साठतात, पावसाळ्यात खाली उतरतात आणि शेवटी विहिरीत येतात. टाक्या व यंत्रे धुण्यासाठी वापरलेल्या कॉस्टिक सोड्यातील सोडियम तर चिकणमातीचे कण विस्कटून टाकतो, मग पाणी मुरणेच बंद होते. सेंद्रिय भार अति झाला तर मातीतील प्राणवायू संपतो, आणि जे लोह व मँगनीज एरवी मातीला घट्ट चिकटलेले असतात ते विरघळून भूजलात जातात. यांतील एकही गोष्ट बाटलीत घेतलेल्या नमुन्याची बीओडी मोजून कळत नाही.

थोडक्यात, ज्या बाबतीत लहान उद्योग निरुपद्रवी आहे त्या बाबतीत आपला तक्ता त्याला पकडतो, आणि ज्या बाबतीत तो शेजाऱ्याच्या विहिरीला खरोखर धोका पोहोचवू शकतो त्या बाबतीत सोडून देतो.

सेलम आणि वेल्लोर

उपवासाच्या दिवशी महाराष्ट्रात, आणि महाराष्ट्राबाहेरच्या प्रत्येक मराठी घरात, जी खिचडी होते तिचा साबुदाणा बहुधा तमिळनाडूतील सेलमच्या आसपास तयार झालेला असतो. दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियातून होणारी आयात थांबली, तेव्हा तेथे टॅपिओकाच्या कंदांपासून साबुदाणा करण्यास सुरुवात झाली. पुढे शेकडो लहान कारखाने उभे राहिले आणि १९८१ साली त्यांची विक्री सहकारी संस्थाही स्थापन झाली. लहान उद्योगांच्या स्वयंस्फूर्त वाढीचे हे उत्तम उदाहरण आहे. कंद धुणे, किसणे, दुधाळ पाणी टाक्यांत निवळू देणे आणि खाली बसलेले पीठ काढून घेणे, ही त्याची रीत. वर राहिलेले आंबूस पाणी, ज्यात टॅपिओकातील सायनाइडजन्य द्रव्यांचाही अंश असतो, आवाराबाहेर काढावे लागते. ते साचून राहिले की दुर्गंधी सुटते आणि मुरले की विहिरींपर्यंत पोहोचण्याचा धोका निर्माण होतो. अलीकडच्या दशकांत अनेक कारखान्यांनी हे पाणी बंद टाकीत कुजवून त्यातून इंधनवायू घेणे सुरू केले. नोटिशींपेक्षा इंधनाच्या बिलातील बचत अधिक परिणामकारक ठरते, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक धडा आहे. पण वायू काढून घेतल्यानंतर उरलेल्या पाण्यातील क्षारांचा प्रश्न शिल्लकच राहतो.

जमिनीवरील निःसारण हाताबाहेर गेले तर काय होते, हे त्याच राज्यातील एका न्यायनिर्णयात नोंदलेले आहे. वेल्लोर नागरिक कल्याण मंचाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट १९९६ रोजी दिलेला हा निर्णय चर्मोद्योगांविषयी आहे. ते खाद्यउद्योग नव्हेत आणि त्यांची रसायने कितीतरी अधिक घातक. परंतु त्यांतील बरेच आकाराने लहान होते आणि त्यांचे पाणी शेतांत, रस्त्यांच्या कडेला व मोकळ्या जमिनींवर सोडले जात होते. न्यायालयापुढे आलेल्या एका सर्वेक्षणानुसार दिंडिगल भागातील १३ गावांतील ४६७ विहिरींपैकी ३५० विहिरी दूषित झाल्या होत्या. खबरदारीचे तत्त्व आणि प्रदूषकाने भरपाई देण्याचे तत्त्व ही दोन्ही या देशाच्या कायद्याचा भाग असल्याचे याच निर्णयाने घोषित केले. पर्यावरण कायद्याच्या पुस्तकांत या तत्त्वांची चर्चा पानोपानी असते. ती तत्त्वे विहिरींच्या काठावर जन्मली, याची आठवण क्वचित ठेवली जाते.

नदी सार्वजनिक असते, ती बिघडली की शहर ओरडते. विहीर एका कुटुंबाची असते. रोनाल्ड कोस यांनी १९६० सालच्या त्यांच्या प्रसिद्ध निबंधात मांडलेला मुद्दा असा की, वाटाघाटीचा खर्च नसेल तर शेजारी-शेजारी आपसांत तडजोड करू शकतात. येथे नेमका तो खर्च अफाट आहे. विहिरीचे पाणी मचूळ का झाले, कोणाच्या पाण्याने झाले, हे कळायलाच पाच-दहा वर्षे जातात. आणि कळले तरी शेजारचा कारखानदार हाच बहुधा गावातला माल विकत घेणारा असतो.

बागेसाठी

माझ्या सेवाकाळात लहान उद्योगांच्या संमतीपत्रांच्या कित्येक नस्ती नजरेखालून गेल्या. सांडपाण्याची विल्हेवाट या रकान्यातील उत्तर देशात कोठेही गेलात तरी जवळपास सारखेच : स्वतःच्या आवारात, बागेसाठी. बाग किती मोठी, माती कोणती, पावसाळ्यात पाणी कोठे ठेवणार, विहीर किती अंतरावर, हे विचारणारा रकाना मी पाहिलेल्या अर्जांत नव्हता. त्यामुळे उत्तर लिहिणारा खोटे बोलत नव्हता आणि वाचणाराही कर्तव्यात कसूर करत नव्हता. प्रश्नच विचारला गेला नव्हता.

महाराष्ट्राने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया धोरण जाहीर केले आणि नाशिकच्या परिसरात वायनरी वाढल्या. विंचूरला त्यांच्यासाठी औद्योगिक वसाहतही झाली. वायनरीचे सांडपाणी हे हंगामी सांडपाण्याचे नमुनेदार उदाहरण आहे. द्राक्षे गाळण्याच्या दोन-तीन महिन्यांत धुण्याचे, साखरयुक्त, आम्लधर्मी पाणी भरपूर निघते, नंतर फारच थोडे. वर्षभराच्या सरासरीवर आखलेला शुद्धीकरण प्रकल्प हंगामात कोलमडतो आणि हंगामावर आखलेला उरलेले वर्ष उपाशी राहतो. अशा उद्योगासाठी द्राक्षबागेलाच ते पाणी मोजून देणे ही सर्वांत शहाणपणाची वाट ठरू शकते. नाशिकला गाळप उन्हाळ्याच्या तोंडावर संपते, तेव्हा पाण्याची गरजही असते. पण बाष्पीभवनाने मागे राहिलेले क्षार जूनच्या पावसात खाली उतरतील, हे लक्षात घेऊनच.

कॅलिफोर्नियाने काय केले

या प्रश्नाशी सर्वांत दीर्घकाळ झुंजलेला प्रदेश म्हणजे कॅलिफोर्निया. तेथील मध्य खोऱ्यात, सॅक्रामेंटोपासून फ्रेझ्नोच्या पलीकडपर्यंत, टोमॅटो, बदाम, चीज आणि वाइन यांचे असंख्य उद्योग आहेत. अमेरिकेचा १९७२ चा संघीय जल कायदा मुख्यतः नद्या व जलाशयांसारख्या पृष्ठजलापुरता. पण कॅलिफोर्नियाचा स्वतःचा १९६९ चा जलगुणवत्ता कायदा भूजलालाही लागू होता आणि जमिनीवर पाणी सोडणाऱ्यालाही परवाना आवश्यक करत होता. लहान उद्योगांची संख्या पाहता प्रत्येकाला स्वतंत्र परवाना देणे तेथील प्रादेशिक मंडळांना शक्य नव्हते. कायद्यात सूट देण्याचा अधिकार होता, तो त्यांनी सढळ हाताने वापरला. १९८० च्या दशकात निःसारणाच्या अनेक प्रकारांना सरसकट सूट मिळाली, आणि एकदा दिलेली सूट तशीच पडून राहिली.

१९९९ साली तेथील विधिमंडळाने एक साधी पण मूलगामी दुरुस्ती केली. सर्व जुन्या सवलती १ जानेवारी २००३ रोजी संपतील. यापुढे कोणतीही सूट सशर्त असेल आणि पाच वर्षांहून अधिक काळ टिकणार नाही. मंडळाला सूट द्यायची असेल तर तिचे समर्थन दर पाच वर्षांनी नव्याने करावे लागेल. याचा परिणाम म्हणून मध्य खोऱ्याच्या मंडळाने २००३ साली वायनरींसह लहान अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी सशर्त सूट जारी केली आणि पुढे तिचे नूतनीकरण होत राहिले. २००६ पासून त्या खोऱ्यात क्षार व नायट्रेट यांच्या साठ्याचा प्रश्न स्वतंत्रपणे हाती घेण्यात आला. अखेर जानेवारी २०२१ मध्ये राज्य मंडळाने सर्व वायनरींसाठी एक सर्वसाधारण आदेश मंजूर केला.

त्या आदेशाची पायऱ्यांची रचना मला उद्बोधक वाटते. वर्षाला १०,००० गॅलन, म्हणजे सुमारे ३८,००० लिटर, याहून कमी सांडपाणी असणाऱ्यांना त्यातून वगळले आहे. त्यापुढे ३०,००० गॅलन, ३ लाख गॅलन, १० लाख गॅलन आणि दीड कोटी गॅलन अशा चार पायऱ्या. जसजसे वर जावे तसतशी तपासणी व अहवालांची जबाबदारी वाढते. उद्योग लहान की मोठा हे भांडवलावरून किंवा कामगारांच्या संख्येवरून न ठरवता वर्षाकाठी सोडलेल्या पाण्यावरून ठरवले आहे. जमिनीवर दर एकरी किती भार पडतो, शेतात पाणी साचते काय, विहिरीपासून अंतर किती, हे प्रश्न अग्रभागी आले आहेत. आणि आधीपासून चालू असलेल्या वायनरींना नोंदणीसाठी तीन वर्षांची मुदत दिली गेली. हे सर्व घडायला १९६९ पासून ५० वर्षांहून अधिक काळ लागला, हेही नोंदवले पाहिजे. श्रीमंत राज्यालाही फूटपट्टी बदलायला एवढा काळ लागतो.

आपण कोठे आहोत

आपल्याकडेही फूटपट्टी हळूहळू बदलत आहे, आणि तिची सुरुवात साखरेपासून झाली. जानेवारी २०१६ मध्ये साखर कारखान्यांसाठी जी सुधारित मानके अधिसूचित झाली, त्यांत मातीच्या पोतानुसार दर हेक्टरी दररोज किती घनमीटर पाणी द्यावे याचा तक्ता आहे : वालुकामय जमिनीला २२५ ते २८०, पोयट्याच्या जमिनीला ११० ते १७०, चिकणमातीला केवळ ३५ ते ५५. विरघळलेल्या क्षारांची २,१०० मिलिग्रॅमची मर्यादाही तेथे आहे. २०१९ साली केंद्रीय मंडळाने शुद्ध केलेले सांडपाणी सिंचनासाठी वापरण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि सिंचन आराखड्याची कल्पना पुढे आणली. १९७४ च्या सतराव्या कलमाने सोपवलेले काम चार दशकांनंतर का होईना, मार्गी लागले.

दुसरीकडे लहान उद्योगांवरील भार कमी करण्याचा प्रवासही चालू राहिला. मार्च २०१६ मध्ये उद्योगांची प्रदूषण निर्देशांकानुसार लाल, नारिंगी, हिरवी व पांढरी अशी विभागणी झाली. निर्देशांक २० पर्यंत असणारे पांढऱ्या गटात आले व त्यांना संमतीऐवजी केवळ सूचना पुरेशी ठरली. २०२४ च्या दुरुस्तीने कायद्यातील बहुतांश तुरुंगवासाच्या शिक्षांऐवजी १०,००० ते १५ लाख रुपयांपर्यंतचा दंड आणला, तो ठरवण्यासाठी न्यायनिर्णय अधिकाऱ्यांची तरतूद केली, आणि काही प्रकारच्या उद्योगांना संमतीच्या अटीतून वगळण्याचा अधिकार केंद्राला दिला. ही दुरुस्ती सुरुवातीस हिमाचल प्रदेश, राजस्थान व केंद्रशासित प्रदेशांना लागू झाली, इतर राज्यांनी ठरावाने स्वीकारायची. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पांढऱ्या गटाला संमतीतून सूट देणारी अधिसूचना निघाली.

या दिशेला माझा विरोध नाही. साबुदाण्याच्या कारखानदाराला तुरुंगाची भीती दाखवून एकाही विहिरीचे पाणी गोड झालेले नाही; त्या भीतीतून निर्माण झाला तो फक्त तपासनीसाचा भाव. परवान्याचा खर्च उद्योगाच्या आकारानुसार कमी होत नाही, त्यामुळे एकच अट मोठ्याला किरकोळ आणि लहानाला जीवघेणी ठरते. सूट हे नियमनाचे एक साधन आहे, आणि अर्थशास्त्राच्या दृष्टीने कित्येकदा सर्वांत काटकसरीचे.

पण सूट कोणत्या मोजमापावर द्यायची, हा प्रश्न उरतो. आज उद्योगाचा रंग त्याच्या प्रकारावरून ठरतो. तो कोणत्या मातीवर उभा आहे, भूजल किती खोल आहे, त्याच हमरस्त्यावर तसेच आणखी ४० उद्योग आहेत काय, हे त्या रंगात दिसत नाही. एकट्या कारखान्याला पांढरा रंग शोभेल. तशाच चाळिसांचा समूह भूजलाच्या दृष्टीने लाल ठरू शकतो. कॅलिफोर्नियाच्या अनुभवातून घेण्यासारखे आहे ते एवढेच : सूट भाराच्या मापाने द्यावी, अटींसह द्यावी, आणि तिच्यावर संपण्याची तारीख लिहावी. अटीही साध्या असू शकतात. किती पाणी, किती क्षेत्रावर, कोणत्या मातीत, विहिरीपासून किती अंतरावर, धुण्यासाठी कोणते रसायन, आणि पावसाळ्यात साठवण कोठे. एका पानाचा अर्ज, वर्षातून एकदा जवळच्या दोन विहिरींच्या पाण्यातील क्षारांची नोंद. हातात मावणाऱ्या उपकरणाने ती दोन मिनिटांत होते. ग्रामपंचायतीचा कर्मचारीही करू शकेल. बीओडीच्या प्रयोगशाळेतील तपासणीला आपल्याकडच्या पद्धतीने २७ अंश तापमानात तीन दिवस लागतात, आणि त्यातून शेजाऱ्याला हवे ते उत्तर मिळत नाही.

१९७४ साली संसदेने ओळखले होते की या देशात पुष्कळ पाण्याला नदी सापडणार नाही आणि ते जमिनीतच जाईल. त्यानंतर ५० वर्षांनी आपण लहान उद्योगाला संमतीपत्राच्या कटकटीतून मोकळे करत आहोत. ते करताना विहिरीच्या मालकाला काय उत्तर द्यायचे, हे अधिसूचनेच्या मसुद्यातच लिहून ठेवणे शक्य आहे, आणि ते आत्ताच लिहिले पाहिजे. क्षार विहिरीत उतरल्यानंतर लिहिलेल्या कोणत्याही मसुद्याने ते वर येत नाहीत.